अमेरिकेत प्रेप विम्यातून मिळवताना

अमेरिकेतील बहुतेक खासगी आरोग्य विमा योजनांना प्रेप हे एचआयव्हीची बाधा टाळणारे औषध, ते सुरू करण्यापूर्वीच्या आणि सुरू असतानाच्या ठराविक तपासण्या, आणि त्यासाठीची डॉक्टरांची भेट, हे सारे विमाधारकाकडून एक डॉलरही न घेता द्यावे लागते, कारण कायद्याने ते त्यांच्यावर बंधनकारक आहे. तरीही दर तिमाहीला कोणाच्या ना कोणाच्या हाती लॅबचे तीनशे-चारशे डॉलरचे बिल पडते, फार्मसीच्या खिडकीवर कोपे (दर वेळी विमाधारकाने भरायची ठराविक रक्कम) मागितला जातो, आणि पैसे परवडत नाहीत म्हणून किंवा वाद घालायचा संकोच वाटतो म्हणून तो माणूस औषधच थांबवतो. हे थांबवणे टाळता येण्यासारखे आहे. बहुतेक वेळा अडचण कायद्यात नसते; भेटीची नोंद कोणत्या कोडखाली झाली आणि क्लेम कोणत्या खिडकीतून गेला, यात ती असते. कागद कुठे चुकतो हे एकदा समजले की तो दुरुस्त करून घेणे शक्य आहे, आणि म्हणूनच हा लेख कागदांविषयी सविस्तर बोलतो.

प्रेप म्हणजे एचआयव्हीची बाधा नसलेल्या व्यक्तीने, ती होऊ नये यासाठी आधीपासून घ्यायचे औषध. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन द्रव्ये असलेल्या ट्रुवाडा या गोळीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2012 मध्ये या कामासाठी मान्यता दिली. ऑक्टोबर 2019 मध्ये डेस्कोव्ही ही दुसरी गोळी आली, मात्र योनिमार्गे होणाऱ्या संसर्गापासून संरक्षणासाठी तिला मान्यता नाही, त्यामुळे अनेक स्त्रियांसाठी ती पर्याय ठरत नाही. डिसेंबर 2021 मध्ये अ‍ॅप्रेट्यूड हे दर दोन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आले, आणि जून 2025 मध्ये वर्षातून दोनदाच घ्यावे लागणारे येझटूगो. सांगितल्याप्रमाणे घेतल्यास प्रेपमुळे लैंगिक संबंधांतून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे 99 टक्क्यांनी कमी होतो, असे अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र सांगते. नशेसाठी वापरलेल्या सुईतून होणाऱ्या संसर्गाच्या बाबतीत ही घट किमान 74 टक्के आहे.

आता कायद्याकडे येऊ. ओबामांच्या काळात 2010 साली झालेल्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टमध्ये अशी तरतूद आहे की यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञांच्या मंडळाने ज्या प्रतिबंधक उपायाला ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणी दिली असेल, तो उपाय खासगी विमा योजनांनी विमाधारकावर कोणताही भार न टाकता द्यायचा. म्हणजे कोपे नाही, कोइन्शुरन्स (बिलातला विमाधारकाचा टक्केवारीतला वाटा) नाही, आणि वर्षाचे डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्यापूर्वी स्वतः भरायची रक्कम) भरून झालेले नसले तरी हरकत नाही. या मंडळाने जून 2019 मध्ये प्रेपला ‘ए’ श्रेणी दिली. ऑगस्ट 2023 मध्ये शिफारस नव्याने करताना दोन्ही गोळ्यांबरोबर दोन महिन्यांच्या इंजेक्शनचाही तीत समावेश केला.

शिफारस झाली तरी विमा कंपन्या तिचा अर्थ आपल्या सोयीने लावू लागल्या. गोळी फुकट, पण रक्ततपासणीचे पैसे तुमचे, असा प्रकार सर्रास चालला होता. तेव्हा कामगार, आरोग्य आणि अर्थ या तिन्ही खात्यांनी जुलै 2021 मध्ये एकत्रित खुलासा काढला आणि औषधाबरोबरच्या सेवाही त्याच शिफारशीचा भाग असल्याचे स्पष्ट केले. एचआयव्हीची चाचणी, हिपॅटायटिस बी आणि सीची चाचणी, मूत्रपिंडाचे काम पाहणारी क्रिएटिनिनची तपासणी, गरज असल्यास गर्भधारणेची चाचणी, लैंगिक संसर्गांच्या तपासण्या व समुपदेशन, औषध नियमित घेण्याबाबतचे समुपदेशन, आणि मुख्यतः याच कारणासाठी झालेली डॉक्टरांची भेट, हे सारे त्यात येते. दर तीन महिन्यांनी होणारी ही तपासणी ऐच्छिक नाही. शरीरात एचआयव्ही आधीच शिरलेला असताना प्रेपची गोळी चालू राहिली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, म्हणून चाचणीशिवाय पुढचे औषध देणे योग्य नसते. तपासणीचे पैसे मागणे म्हणजे प्रत्यक्षात औषधाचेच पैसे मागणे, हे त्या खुलाशाने मान्य केले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातला तोच सर्वांत महत्त्वाचा टप्पा होता.

त्यानंतर ऑक्टोबर 2024 मध्ये आणखी एक खुलासा झाला. तिन्ही प्रकार, म्हणजे ट्रुवाडाची जेनेरिक आवृत्ती, डेस्कोव्ही आणि अ‍ॅप्रेट्यूड, विनाशुल्क द्यायचे. रुग्णासाठी डॉक्टरने एक निवडला असेल तर ‘आधी स्वस्त गोळी घेऊन बघा’ अशी अट घालून त्याला दुसऱ्याकडे वळवायचे नाही. मात्र एकाच औषधाची जेनेरिक उपलब्ध असताना ब्रँडचा हट्ट धरला, तर कंपनी पैसे मागू शकते, आणि डॉक्टरांच्या मते ब्रँडच आवश्यक असेल तर त्यासाठी अपवादाची वाट तिने ठेवली पाहिजे. सहा महिन्यांचे येझटूगो या तिघांमध्ये नाही, कारण ते शिफारशीनंतर बाजारात आले. 2025 मध्ये ते आले तेव्हा त्याची जाहीर किंमत वर्षाला 28,218 डॉलर होती, त्यामुळे ते घ्यायचे ठरवण्यापूर्वी आपली योजना ते देते का आणि कोणत्या अटीवर देते, हे लेखी विचारून घ्यावे.

या तरतुदीवर मोठे संकटही येऊन गेले. टेक्सासमधील ब्रेडवुड मॅनेजमेंट या कंपनीने आणि इतरांनी, प्रेपसाठी विमा देणे आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध असल्याचे आणि टास्क फोर्सच्या सदस्यांची नेमणूकच घटनाबाह्य असल्याचे सांगत दावा केला होता. खालच्या न्यायालयांत त्यांना यशही मिळाले. 27 जून 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मताने नेमणुकीबाबतचा आक्षेप फेटाळला आणि तरतूद टिकली. त्याच निकालाने हेही अधोरेखित केले की या मंडळावर आरोग्यमंत्र्यांचे नियंत्रण आहे, ते सदस्य बदलू शकतात आणि शिफारशींचा फेरविचार करू शकतात. म्हणून टास्क फोर्सविषयीच्या बातम्यांकडे प्रेप घेणाऱ्याने लक्ष ठेवणे गरजेचे आहे.

सर्वच योजना या कायद्याखाली येतात असे नाही, आणि आपल्या मराठी मंडळींची फसगत होते ती बहुधा इथेच. नोकरीतून मिळणारा विमा, मग तो कंपनीने विमा कंपनीकडून विकत घेतलेला असो वा कंपनी स्वतःच्या तिजोरीतून चालवत असो, कायद्याखाली येतो. सरकारी मार्केटप्लेसवरून, म्हणजे वैयक्तिक विमा विकत घेण्याच्या सरकारी संकेतस्थळावरून, घेतलेला विमाही येतो. विद्यापीठाने विमा कंपनीमार्फत दिलेली विद्यार्थी योजना येते, पण काही विद्यापीठे योजना स्वतःच्या निधीतून चालवतात आणि तिला हा केंद्रीय नियम लागू होत नाही, म्हणून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात आपली योजना कोणत्या प्रकारची आहे हे विद्यार्थी आरोग्य केंद्रात विचारावे. पुण्या-मुंबईत विमानात बसण्यापूर्वी घेतलेला प्रवासी विमा, आई-वडिलांसाठी काढलेला व्हिजिटर विमा, अल्पमुदतीच्या योजना आणि धार्मिक संस्थांच्या खर्च-वाटणीच्या योजना, यांपैकी कशालाच हा नियम बांधील नाही. 23 मार्च 2010 पूर्वीपासून फारसा बदल न होता चालत आलेल्या काही जुन्या योजनांनाही सूट आहे. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी मेडिकेअर या सरकारी विम्याने 30 सप्टेंबर 2024 पासून प्रेप पार्ट बी या त्याच्या भागाखाली विनाशुल्क देण्याचा निर्णय घेतलेला आहे.

आता प्रत्यक्ष बिल समोर ठेवून पाहू. समजा, नाशिकहून न्यू जर्सीत नोकरीला आलेल्या एका तरुणाने जेनेरिक गोळी सुरू केली. फार्मसीत शून्य डॉलर लागले, म्हणून तो निश्चिंत झाला. सहा आठवड्यांनी विमा कंपनीकडून ईओबी, म्हणजे लाभांचे विवरणपत्र, आले. हे पत्र बिल नसते, आणि ‘हे बिल नाही’ असे त्यावर लिहिलेलेही असते. बिल नंतर लॅबकडून येते. विवरणपत्रात प्रत्येक तपासणीची एक ओळ असते आणि तिच्यासमोर चार आकडे असतात: लॅबने लावलेली रक्कम, कराराप्रमाणे मान्य झालेली रक्कम, योजनेने दिलेली रक्कम आणि तुमची जबाबदारी. या तरुणाच्या पत्रात एचआयव्ही चाचणीपुढे त्याची जबाबदारी शून्य आहे, पण क्रिएटिनिन, सिफिलिस आणि गनोरियाच्या ओळींपुढे मिळून 386 डॉलर आहेत, आणि शेजारच्या खुणेचा अर्थ पत्राच्या तळाशी ‘डिडक्टिबलला लागू’ असा दिलेला आहे. याचा अर्थ योजनेच्या संगणकाने पहिली तपासणी प्रतिबंधक मानली, आणि बाकीच्या तपासण्या आजाराचे निदान करण्यासाठी केलेल्या मानल्या.

संगणकाला हे कसे कळते? क्लेमवर दोन प्रकारचे कोड असतात. एक, काय केले. दुसरा, कशासाठी केले. ‘कशासाठी’च्या जागी लॅबच्या मागणीपत्रावर डॉक्टरांच्या सहायकाने जननेंद्रियाच्या संसर्गाचा किंवा एखाद्या लक्षणाचा कोड टाकला, तर तपासणी निदानाची ठरते आणि डिडक्टिबलकडे जाते. ऑक्टोबर 2023 पासून एचआयव्ही प्रतिबंधक उपचारासाठीच्या भेटीला झेड29.81 हा स्वतंत्र निदान-कोड उपलब्ध आहे. मागणीपत्रावर आणि भेटीच्या नोंदीत हा कोड, आणि डॉक्टरांच्या क्लेमवर सेवा प्रतिबंधक असल्याचे सांगणारा 33 हा मॉडिफायर असेल, तर बहुतेक बिले जन्मालाच येत नाहीत. म्हणून तपासणीला जाताना, रक्त देण्यापूर्वी, डॉक्टरांच्या कार्यालयात संकोच न करता म्हणावे, “ही भेट आणि या सगळ्या चाचण्या प्रेपसाठी आहेत, तेव्हा प्रत्येक मागणीपत्रावर झेड29.81 आहे ना, हे कृपया बघाल का?” एवढ्या एका वाक्याने पुढचे दोन महिने वाचतात.

भेटीत आणखी कशाची चौकशी केली, उदाहरणार्थ जुन्या पाठदुखीची, तर डॉक्टर तिचे वेगळे बिल लावू शकतात आणि त्या भागाचा कोपे मागणे बेकायदा ठरत नाही. शक्य असेल तर प्रेपची भेट वेगळी ठेवावी. लॅबही आपल्या योजनेच्या नेटवर्कमधली, म्हणजे योजनेशी करार असलेली, हवी, कारण शून्य डॉलरचा नियम इन-नेटवर्क सेवेसाठी आहे. डॉक्टर नेटवर्कमधले असूनही त्यांनी नमुना बाहेरच्या लॅबकडे पाठवला, असे वरचेवर घडते. नेटवर्कमध्ये ही सेवा देणारे कोणीच नसेल, तर मात्र बाहेरची सेवाही विनाशुल्क देण्याची जबाबदारी योजनेवर येते.

फार्मसीतली अडचण वेगळ्या मुळाची असते. प्रेपसाठी दिली जाणारी टेनोफोव्हिर-एमट्रिसिटाबिनची गोळी एचआयव्ही झालेल्या रुग्णांच्या उपचारातही इतर औषधांच्या जोडीने वापरली जाते, आणि फार्मसीच्या क्लेमवर निदानाचा कोड बहुधा नसतो. ही गोळी प्रतिबंधासाठी आहे की उपचारासाठी, हे संगणकाला ओळखता येत नाही, आणि मग तो नेहमीचा कोपे लावून मोकळा होतो. अशा वेळी खिडकीवर पैसे भरून निघून येऊ नये. डॉक्टरांना सांगून प्रिस्क्रिप्शनवर निदानाचा कोड लिहून घ्यावा, फार्मासिस्टला तो घालून क्लेम पुन्हा पाठवायला सांगावा, आणि तरीही जमले नाही तर विमा कार्डाच्या मागे छापलेल्या फार्मसी लाभाच्या क्रमांकावर फोन करून ‘प्रतिबंधक औषधासाठी कोपे माफी’ मागावी.

इंजेक्शन घेणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावे. ते औषध दोन वाटांनी येऊ शकते: दवाखाना स्वतः विकत घेऊन टोचतो आणि मेडिकल लाभाखाली बिल लावतो, किंवा स्पेशल्टी फार्मसी, म्हणजे खास औषधे पुरवणारी फार्मसी, ते दवाखान्यात पाठवते आणि बिल फार्मसी लाभाखाली जाते. योजना एक वाट मानते आणि दवाखाना दुसरीने जातो, की नकार येतो. म्हणून पहिल्या इंजेक्शनची तारीख ठरवण्यापूर्वी, ‘माझ्या योजनेत हे औषध कोणत्या लाभाखाली आहे?’ हा प्रश्न विमा कंपनीला विचारून उत्तर दवाखान्यापर्यंत पोचवावे. हे इंजेक्शन वेळेवर मिळणे महत्त्वाचे असते. कागदपत्रांमुळे तारीख लांबत असेल तर तोवर गोळी घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

इतके करूनही पैसे मागितले गेले, तर पहिली पायरी दवाखान्याच्या बिलिंग विभागाची. कोड चुकला असेल तर दुरुस्त क्लेम पुन्हा पाठवणे त्यांच्या हातात असते, आणि बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात. दुरुस्ती चालू असेपर्यंत बिल वसुलीकडे पाठवू नये, असे त्यांना लेखी कळवावे. ज्यांच्याशी बोललात त्यांचे नाव, तारीख आणि फोनचा संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा, कारण तीन आठवड्यांनी पुन्हा फोन केला की दुसरीच व्यक्ती बोलते आणि सगळे पहिल्यापासून सांगावे लागते.

कोड बरोबर असूनही विमा कंपनी नकार देत असेल, तर अपील करावे. नकाराचे पत्र मिळाल्यापासून 180 दिवस हातात असतात. पत्र लांबलचक नसावे: कोणत्या तारखेच्या कोणत्या सेवेचे पैसे मागितले, ती प्रेपसाठी होती, टास्क फोर्सची ‘ए’ श्रेणीची शिफारस तिला लागू आहे, आणि तीन खात्यांच्या 2021 व 2024 च्या खुलाशांनुसार ती विनाशुल्क असायला हवी, एवढेच लिहून डॉक्टरांचे छोटे पत्र जोडावे. सेवा घेऊन झालेली असेल तर कंपनीने 60 दिवसांत, घ्यायची असेल तर 30 दिवसांत आणि तातडीची असेल तर 72 तासांत निर्णय द्यायचा असतो. तिथेही नकार आला आणि वाद वैद्यकीय निर्णयाचा असेल, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडे जाता येते, आणि त्याचा निर्णय विमा कंपनीवर बंधनकारक असतो. वाद निव्वळ कायदा न पाळल्याचा असेल, तर तक्रारीची जागा वेगळी: नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या निधीतून योजना चालवत असेल तर केंद्रीय कामगार खात्याचा कर्मचारी लाभ विभाग, आणि विकत घेतलेली विमा योजना असेल तर राज्याचे विमा खाते. आपली योजना या दोन्हींपैकी कोणती, हे एचआरला विचारता येते. कारण सांगण्याची गरज नाही.

कारण सांगावे लागेल, या भीतीनेच अनेक जण मागे राहतात. नोकरीच्या ठिकाणी कळेल का? आरोग्याची माहिती नोकरीतल्या निर्णयांसाठी वापरण्यास केंद्रीय गोपनीयता कायदा योजनेला मनाई करतो. व्हिसावर किंवा ग्रीनकार्डावर परिणाम होईल का? प्रेप घेणे म्हणजे एचआयव्ही असणे नव्हे, आणि एचआयव्ही असल्याच्या कारणावरून अमेरिकेत प्रवेश नाकारण्याची तरतूदही 4 जानेवारी 2010 पासून रद्द झालेली आहे. खरी अडचण घरात येते. इथे वाढलेली मुले 26 वर्षांची होईपर्यंत आई-वडिलांच्या विम्यावर राहू शकतात, आणि ईओबी मूळ विमाधारकाच्या नावाने जाते. पालकांच्या टपालपेटीत, किंवा बाबांच्या ऑनलाइन खात्यात, लॅबचे नाव आणि तपासणीच्या ओळी दिसतात, आणि ज्या घरात या विषयावर कधीच बोलणे झालेले नाही तिथे ते पत्र मुलाच्या आधी बोलू लागते. यासाठी विमा कंपनीकडे ‘गोपनीय संपर्काची’ विनंती करता येते: आपल्या आरोग्यसेवेची सगळी पत्रे वेगळ्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवावीत. माहिती उघड झाल्याने आपल्याला धोका आहे असे कळवल्यास केंद्रीय नियमांनुसार कंपनीला ती विनंती मान्य करावी लागते, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात 1 जुलै 2022 पासून संवेदनशील सेवांसाठी याहून भक्कम संरक्षण आहे. विनंती पहिल्या भेटीच्या आधी करावी आणि ती नोंदली गेल्याचे पत्र मिळेपर्यंत थांबावे.

विम्यात अजिबात न बसणाऱ्यांसाठीही दार बंद नाही. ट्रुवाडाच्या ब्रँडची किंमत महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास गेली होती. आज जेनेरिक गोळी, आणि तीत भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या गोळ्याही आल्या, सवलतीच्या कार्डावर काही फार्मसींत महिन्याला तीस डॉलरच्या आसपास मिळू शकते. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे उत्पन्नाप्रमाणे शुल्क घेतात, त्यामुळे तपासण्यांचा भारही हलका होतो. एक गोष्ट मात्र वेगळी लक्षात ठेवावी: संबंध होऊन गेल्यावर 72 तासांच्या आत सुरू करायचा 28 दिवसांचा पेप हा उपचार प्रेपच्या शिफारशीत येत नाही, त्याला शून्य डॉलरचा हा नियम लागू नाही, आणि त्या वेळी विम्याचे उत्तर येण्याची वाट न पाहता थेट दवाखान्यात किंवा तातडीच्या विभागात जाऊन औषध सुरू करावे, बिलाचा वाद नंतर घालता येतो.